न्यायाधीश फ्रँक एम. जॉन्सन आणि त्यांचे गाजलेले निकाल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीवर मी लिहायला लागल्यापासून एका न्यायाधीशाबद्दल सतत विचारणा होते. विचारणारे बहुतेक कायद्याचे विद्यार्थी असतात. काही तिकडे राहणारे मराठी पालक असतात, ज्यांची मुलं शाळेत सेल्माचा मोर्चा शिकतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एका जागी केली आहेत. कोणताही प्रश्न सुटा वाचला तरी चालेल. जिथे दोन उत्तरांचा संबंध येतो तिथे क्रमांक दिला आहे.

१. हे फ्रँक जॉन्सन नेमके कोण? मार्टिन ल्यूथर किंग आणि रोझा पार्क्स माहीत आहेत, हे नाव कधी ऐकलं नाही.

फ्रँक मिनिस जॉन्सन (१९१८–१९९९) हे अलाबामा राज्यातले फेडरल न्यायाधीश. १९५५ पासून १९७९ पर्यंत ते माँटगोमेरीच्या जिल्हा न्यायालयात होते, नंतर अपील न्यायालयात गेले. बस, शाळा, मतदान, ज्युरी, पोलीस भरती, तुरुंग, मनोरुग्णालयं : अलाबामाच्या कारभारातलं क्वचितच एखादं खातं असेल ज्याला त्यांचा हुकूम लागला नाही. ज्या चळवळीतली नावं तुम्हाला माहीत आहेत, तिचे कागद शेवटी ज्या टेबलावर येऊन पडायचे ते टेबल यांचं होतं.

२. फेडरल जिल्हा न्यायाधीश म्हणजे आपल्याकडचा जिल्हा न्यायाधीशच ना?

नाही, आणि ही गफलत फार होते. आपल्याकडे न्यायालयांची एकच उतरंड आहे. अमेरिकेत दोन आहेत : प्रत्येक राज्याची स्वतःची न्यायालयं, आणि त्यांना समांतर केंद्राची म्हणजे फेडरल न्यायालयं. फेडरल न्यायाधीशाची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, सिनेट मंजुरी देतं आणि पद तहहयात असतं. निवडणूक लढवायची नाही, मुदत संपायची नाही, पगार कापता येत नाही. अलाबामातल्या राज्य न्यायाधीशांना मात्र मतदारांसमोर जावं लागायचं, आणि त्या काळात मतदार म्हणजे जवळपास सगळे गोरे.

अधिकारांच्या दृष्टीने पाहिलं तर आपल्या उच्च न्यायालयाचा कलम २२६ चा रिट अधिकार, म्हणजे सरकारला थेट आदेश देण्याचा अधिकार, त्याला जास्त जवळचा आहे. साक्षीपुरावा ऐकणारं पहिलं न्यायालय तेच, आणि राज्याचा कायदा घटनाबाह्य ठरवून त्याला मनाई करणारंही तेच. फक्त त्या काळी राज्याच्या कायद्यावर घाव घालायचा असेल तर तीन न्यायाधीशांचं विशेष खंडपीठ बसायचं आणि त्यावरचं अपील थेट सर्वोच्च न्यायालयात जायचं. हा नियम १९७६ मध्ये बराचसा काढून टाकला. पुढे काही खटल्यांत ‘खंडपीठ’ असा शब्द येईल तो यामुळे.

३. दक्षिणेतला गोरा माणूस, तोही रिपब्लिकन. मग असे निकाल कसे दिले?

ते विन्स्टन काउंटीचे (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा). उत्तर अलाबामातला हा डोंगराळ, गरीब शेतकऱ्यांचा भाग. १८६१ मध्ये अलाबामा अमेरिकेतून फुटून निघालं तेव्हा या काउंटीने विरोध केला होता. आजही तिला ‘विन्स्टनचं मुक्त राज्य’ म्हणतात. त्यामुळे दक्षिण बहुतांशी डेमोक्रॅट असताना तिथे लिंकनच्या पक्षाची, म्हणजे रिपब्लिकन पक्षाची परंपरा टिकून राहिली. जॉन्सन त्याच मातीतले.

१९४३ मध्ये अलाबामा विद्यापीठातून कायद्याची पदवी, मग पायदळात भरती, नॉर्मंडीत जखमी, परतल्यावर जॅस्पर गावात वकिली. १९५२ मध्ये त्यांनी अलाबामात राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार आयझेनहॉवर यांच्या प्रचाराचं काम केलं आणि त्यानंतर ते उत्तर अलाबामाचे फेडरल सरकारी वकील झाले. तिथे त्यांनी कृष्णवर्णीय मजुरांना वेठबिगार म्हणून राबवणाऱ्या गोऱ्या जमीनमालकांवर खटला चालवून शिक्षा मिळवली, तीसुद्धा १९५४ साली, अलाबामातल्या ज्युरीकडून. ऑक्टोबर १९५५ मध्ये आयझेनहॉवर यांनी त्यांना न्यायाधीश नेमलं. तेव्हा ते देशातले सर्वांत तरुण फेडरल न्यायाधीश होते.

त्यांना ‘सुधारक’ म्हटलेलं आवडत नसे. मी कायदा लावतो, एवढंच त्यांचं म्हणणं असायचं. मला ते पटतं, पण एक गोष्ट जोडावीशी वाटते : तोच कायदा शेजारच्या न्यायालयांतल्या न्यायाधीशांसमोरही होता.

४. रोझा पार्क्सचा खटला जॉन्सननी चालवला, बरोबर?

अगदी बरोबर नाही. माँटगोमेरीच्या बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्स यांना १ डिसेंबर १९५५ ला अटक झाली, जॉन्सन यांच्या नेमणुकीनंतर ४० दिवसांनी. त्यांचं प्रकरण राज्याच्या न्यायालयात गेलं आणि तिथल्या अपिलात अडकलं. ते तिथेच कुजवत ठेवतील हे ओळखून फ्रेड ग्रे या तरुण कृष्णवर्णीय वकिलाने फेब्रुवारी १९५६ मध्ये फेडरल न्यायालयात वेगळा दावा लावला : ब्राउडर विरुद्ध गेल. त्यात पार्क्स वादी नव्हत्याच. निकालापर्यंत टिकलेल्या वादी चार : ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनाल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट कोल्विन. कोल्विन पार्क्स यांच्याही नऊ महिने आधी बसमधली जागा सोडायला नकार देऊन अटक झालेली मुलगी. अटकेच्या वेळी ती १५ वर्षांची होती.

खंडपीठात जॉन्सन, रिचर्ड राइव्ह्ज आणि सीबोर्न लिन. प्रथेप्रमाणे सर्वांत कनिष्ठ न्यायाधीश आधी मत देतो, म्हणजे नुकतेच खुर्चीवर बसलेले जॉन्सन. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरवल्या होत्या, पण तो निकाल शाळांपुरता होता. बसला तो लागू होतो असं सर्वोच्च न्यायालयाने अजून ठामपणे म्हटलं नव्हतं. जॉन्सन यांनी ते म्हटलं, राइव्ह्ज यांनी साथ दिली, लिन यांनी विरोधी मत दिलं. ५ जून १९५६ चा हा २–१ निकाल सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबरला कायम केला. हुकूम माँटगोमेरीत पोचल्यावर डिसेंबरमध्ये कृष्णवर्णीयांनी शहरातल्या बसवर घातलेला ३८१ दिवसांचा बहिष्कार संपला.

बहिष्काराने बस रिकाम्या केल्या आणि दाव्याने नियम मोडला. दोन्ही लागले. एकाचंच श्रेय सांगणारी गोष्ट अर्धी आहे.

५. गव्हर्नर जॉर्ज वॉलेस आणि जॉन्सन एकाच वर्गात होते म्हणतात. वैर कधी सुरू झालं?

दोघं अलाबामा विद्यापीठात कायद्याचे सहाध्यायी होते, चांगली ओळख होती. फूट पडली मतदार नोंदणीच्या दप्तरावरून. केंद्राच्या नागरी हक्क आयोगाला ती दप्तरं तपासायची होती. वॉलेस तेव्हा राज्याचे सर्किट न्यायाधीश होते. त्यांनी ती ताब्यात घेतली आणि देणार नाही म्हणून जाहीर केलं. जॉन्सन यांनी हुकूम काढला : द्या, नाहीतर अवमानाची कारवाई. जॉन्सन यांनी पुढे सांगितलं की वॉलेस एका रात्री गुपचूप त्यांच्या घरी आले आणि शिक्षा सौम्य असावी अशी गळ घातली. प्रत्यक्षात वॉलेस यांनी दप्तरं ग्रँड ज्युरीकडे (आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ) सोपवली आणि तिथून ती आयोगाला दाखवली गेली. म्हणजे हुकूम पाळला, फक्त लोकांसमोर पाळला नाही. जानेवारी १९५९ मध्ये जॉन्सन यांनी नेमकं हेच लिहून त्यांना अवमानातून निर्दोष सोडलं.

वॉलेस यांना तुरुंग परवडला असता, त्यातून वर्णभेद टिकवू पाहणाऱ्या गोऱ्यांची मतं मिळाली असती. झुकल्याचा लेखी दाखला परवडणारा नव्हता. त्यानंतरच्या प्रचारात त्यांनी जॉन्सन यांना जाहीरपणे खोटारडा म्हटलं आणि १९६२ मध्ये गव्हर्नरची निवडणूक जिंकली. पुढची वर्षं ‘विरुद्ध वॉलेस’ अशा नावाच्या खटल्यांनी भरलेली आहेत. आयुष्याच्या उत्तरार्धात वॉलेस यांनी कृष्णवर्णीय समाजाची माफी मागितली, हेही नोंदवायला हवं.

६. सेल्माचा मोर्चा जॉन्सन यांनीच आधी अडवला होता, हे खरं का?

खरं आहे, आणि हे समजून घेतल्याशिवाय हा माणूस कळत नाही.

७ मार्च १९६५ च्या रविवारी सेल्माच्या एडमंड पेटस पुलावर राज्याच्या पोलिसांनी कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी माँटगोमेरीकडे निघालेल्या सुमारे ६०० मोर्चेकऱ्यांवर लाठ्या आणि अश्रुधूर चालवला. मोर्च्याच्या अग्रभागी असलेल्या जॉन लुइस यांचं डोकं फुटलं. दुसऱ्या दिवशी होझिया विल्यम्स, जॉन लुइस आणि अमेलिया बॉयन्टन यांच्या नावाने जॉन्सन यांच्याकडे अर्ज आला : मोर्च्याला संरक्षण द्या, सरकारला मनाई करा. जॉन्सन म्हणाले, सुनावणी घेतो, पण तोपर्यंत मोर्चा काढायचा नाही. तसा लेखी हुकूम ९ मार्चला निघाला. त्याच दिवशी मार्टिन ल्यूथर किंग लोकांना घेऊन पुलापर्यंत गेले, प्रार्थना केली आणि मागे फिरले. चळवळीतल्या तरुणांना तो विश्वासघात वाटला. त्यांचा राग किंग यांच्यावर होता तसा जॉन्सन यांच्यावरही.

सुनावणीत पुलावरची दूरचित्रवाणीची फिल्म न्यायालयात दाखवली. काही दिवसांपूर्वी देशाने घरात बसून पाहिलेली दृश्यं आता पुरावा म्हणून पडद्यावर होती : धुरात पडलेली माणसं, घोडेस्वार, लाठ्या. दिवे लागल्यावर जॉन्सन काही न बोलता उठले, अंगरखा सावरला आणि तहकुबी देऊन आत गेले.

१७ मार्चचा निकाल, विल्यम्स विरुद्ध वॉलेस, अजूनही वादग्रस्त आहे. ५४ मैलांच्या महामार्गावर पाच दिवस मोर्चा म्हणजे रोजची वाहतूक अडणार, हे जॉन्सन नाकारत नव्हते. त्यांचं सूत्र असं : शांततेने एकत्र येऊन दाद मागण्याच्या हक्काची व्याप्ती ही ज्या अन्यायाविरुद्ध दाद मागितली जाते त्याच्या आकाराच्या प्रमाणात असली पाहिजे, आणि इथला अन्याय प्रचंड आहे. सेल्मा ज्या डॅलस काउंटीत येतं तिथे मतदानाच्या वयाचे सुमारे १५,००० कृष्णवर्णीय होते. नोंद झालेले ३०० च्या आसपास.

टीकाकार म्हणतात, अन्याय मोठा असला की रस्ता जास्त अडवता येतो, हे मोजायचं कोणी? आज न्यायाधीशाला सहानुभूती वाटली म्हणून मोजमाप असं लागलं, उद्या दुसऱ्या बाजूने लागेल. आक्षेप रास्त आहे आणि पुढच्या न्यायालयांनी हे सूत्र फारसं उचललंही नाही. पण हुकुमाचा मजकूर वाचा. दोनपदरी रस्त्यावर ३०० पेक्षा जास्त माणसं चालणार नाहीत. चौपदरीवर संख्येची अट नाही. मोर्च्याची आखणी आयोजकांकडून लेखी घेऊन ती हुकुमाला जोडली आहे. मोकळीक दिली ती मोजून मापून.

२१ मार्चला सेल्माहून निघालेला मोर्चा २५ तारखेला माँटगोमेरीत पोचला तेव्हा तो सुमारे २५,००० लोकांचा होता. मतदान हक्क कायद्यावर ६ ऑगस्टला सही झाली.

७. व्हायोला लिउझो यांच्या मारेकऱ्यांना खुनाऐवजी फक्त १० वर्षं का दिली?

कारण जॉन्सन यांच्यापुढे खुनाचा आरोप नव्हताच. खून हा राज्याच्या कायद्याचा गुन्हा. सेल्माचा मोर्चा (प्रश्न ६) संपल्याच्या रात्री मोर्चेकऱ्यांची ने-आण करणाऱ्या लिउझो यांना कु क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणाऱ्या गुप्त संघटनेच्या लोकांनी गाडीत गोळ्या घातल्या. राज्याच्या न्यायालयात एका आरोपीचा पहिला खटला ज्युरीत एकमत न झाल्याने फिसकटला, दुसऱ्यात तो निर्दोष सुटला. मग केंद्राने तिघांवर नागरी हक्क हिरावण्याच्या कटाचा आरोप ठेवला. हा यादवी युद्धानंतरच्या काळातला कायदा. कमाल शिक्षा १० वर्षं. डिसेंबर १९६५ मध्ये तो खटला जॉन्सन यांच्यापुढे चालला.

ज्युरीतले बाराही गोरे पुरुष. एकमत होत नाही म्हणून ते परत आले, तेव्हा जॉन्सन यांनी त्यांना पुन्हा विचार करायला आत पाठवलं. तिघंही दोषी ठरले आणि तिघांनाही कमाल शिक्षा झाली. निकालानंतर जॉन्सन ज्युरीला म्हणाले की माझ्या मते दुसरा निकाल शक्यच नव्हता. न्यायाधीशाने असं बोलावं का, यावर माझ्याकडे दोन्ही बाजूंची पत्रं आली आहेत. निकाल नोंदला गेल्यानंतरचं वाक्य आहे, त्यामुळे मला त्यात दोष दिसत नाही.

८. मनोरुग्णालयाचा निकाल इतका महत्त्वाचा का मानतात?

मला स्वतःला हा त्यांचा सर्वांत मोठा निकाल वाटतो, म्हणून जरा सविस्तर.

१९७० मध्ये अलाबामात सिगारेटवरच्या कराचं उत्पन्न घटलं. त्यावर चालणाऱ्या टस्कलूसाच्या ब्राइस या सरकारी मनोरुग्णालयातून ९९ कर्मचारी काढले. त्यांनी दावा लावला आणि त्यात एका रुग्णालाही वादी केलं : रिकी वायट, कुमारवयीन मुलगा, मनोरुग्ण नसताना केवळ ‘वाया गेलेला’ म्हणून तिथे डांबलेला. त्याची मावशी त्या काढलेल्या कर्मचाऱ्यांपैकी एक. दावा वायट विरुद्ध स्टिकनी या नावाने ओळखला जातो. नोकऱ्यांचा मुद्दा मागे पडला आणि प्रश्न राहिला तो रुग्णांचा : उपचारासाठी म्हणून माणसाला कोंडायचं आणि उपचार करायचेच नाहीत, हे चालतं का?

ब्राइसमध्ये तेव्हा सुमारे ५,००० रुग्ण होते. त्यांत हजारोंना मानसिक आजार नव्हताच. म्हातारपण किंवा मतिमंदत्व एवढंच कारण. एका रुग्णाच्या दिवसभराच्या जेवणावर ५० सेंटपेक्षा कमी खर्च व्हायचा. मार्च १९७१ मध्ये जॉन्सन यांनी निकाल दिला : बरं करण्याच्या नावाखाली स्वातंत्र्य काढून घेतलं असेल तर बरं होण्याची खरी संधी देणं घटनेने बंधनकारक आहे. सरकारला सहा महिने दिले. सहा महिन्यांत काही झालं नाही. तज्ज्ञांना बोलावलं, सुनावण्या घेतल्या आणि एप्रिल १९७२ मध्ये किमान निकषांची यादी हुकूम म्हणून काढली.

ती यादी वाचताना मी दर वेळी एका ओळीवर थांबते. एका खोलीत सहापेक्षा जास्त रुग्ण नकोत. माणशी ८० चौरस फूट. आठ रुग्णांमागे एक शौचकूप. स्वतःचे कपडे घालायचा हक्क. रुग्णाकडून संस्थेचं काम करून घेतलं तर किमान वेतन. आणि मग : रुग्णांच्या नळाला येणारं गरम पाणी ११० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण ४३ सेल्सियसवर नियंत्रित असावं. पाण्याचं तापमान घटनेच्या खटल्यात कशाला, असं वाटतं. याच खटल्यात पार्टलो या मतिमंदांच्या सरकारी संस्थेतले मृत्यू पुढे आले होते. त्यांतला एक जण उकळत्या पाण्याच्या होजने भाजून गेला होता. पाणी सोडणारा दुसरा रुग्ण होता, कारण लक्ष ठेवायला माणूस नव्हता.

खटला ३३ वर्षं चालू राहिला आणि २००३ मध्ये बंद झाला. देशभरातल्या राज्यांनी मनोरुग्णालयांसाठी हे निकष समोर ठेवले.

९. तुरुंगांबाबतही असंच केलं का?

हो, जानेवारी १९७६ च्या पुघ विरुद्ध लॉक निकालात. ड्रेपर तुरुंगातल्या एकांत कोठड्यांना कैदी ‘डॉग हाउस’ म्हणायचे. चार फूट बाय आठ फूट, दिवा नाही, पलंग नाही, वाहतं पाणी नाही, शौचासाठी जमिनीत एक भोक. अशा एका कोठडीत सहा-सहा माणसं कोंबलेली असत आणि जेवण दिवसातून एकदा. जॉन्सन यांनी ही क्रूर शिक्षा ठरवली, गर्दी कमी होईपर्यंत नवे कैदी घेण्यावर बंधन घातलं आणि किमान निकष लावले. अपील न्यायालयाने बराचसा हुकूम राखला, पण देखरेखीसाठी नेमलेली ३९ सदस्यांची समिती रद्द केली. त्याचा विचार पुढच्या उत्तरात.

१०. हे तर न्यायाधीशाने राज्य चालवणं झालं. निवडून आलेल्या सरकारला मग अर्थ काय?

सर्वांत जास्त येणारा आक्षेप हाच, आणि तो टाळण्यासारखा नाही. न्यायाधीश कर लावू शकत नाही, पण त्याच्या हुकुमाला पैसे लागतात. ते विधिमंडळाने कुठून काढायचे? शाळेतून? रस्त्यातून? आपल्याकडे जनहित याचिकांवरून जी चर्चा होते ती हीच.

माझं मत असं. जॉन्सन यांच्या खटल्यांत एक क्रम दिसतो : आधी हक्क जाहीर करायचा, मग सरकारला मुदत द्यायची, मुदत वाया गेली की मगच तपशिलात उतरायचं. वायटमध्ये तर बऱ्याचशा निकषांवर सरकारी पक्षाने संमती दिली होती. शिवाय कैदी, वेडे ठरवलेले आणि त्या काळचे कृष्णवर्णीय या तिघांमध्ये एक गोष्ट समान होती : अलाबामात त्यांच्या मताला किंमत नव्हती. ज्यांच्या मताने सरकार पडत नाही त्यांना ‘निवडणुकीत बघा’ असं सांगण्यात अर्थ नाही. मात्र तुरुंगासाठी ३९ जणांची समिती हा अतिरेक होता आणि अपील न्यायालयाने ती काढली ते योग्यच केलं. देखरेख हवी, पण समांतर प्रशासन नको.

११. पोलीस भरतीत त्यांनी आरक्षण लावलं म्हणतात. ते आपल्यासारखंच आरक्षण का?

नाही. आपलं आरक्षण राज्यघटनेत आणि कायद्यात आहे. जॉन्सन यांचा १९७२ चा हुकूम एका सिद्ध झालेल्या भेदभावावरचा उपाय होता. अलाबामाच्या राज्य पोलीस दलात ३७ वर्षांत एकही कृष्णवर्णीय ट्रूपर झाला नव्हता. जॉन्सन यांनी सांगितलं, एक गोरा घेतला की एक काळा घ्या, दलात सुमारे २५ टक्के होईपर्यंत. लक्ष्य गाठलं की हुकूम संपला. बढत्यांचा वाद पुढे त्यांच्यानंतरचे न्यायाधीश मायरन थॉम्पसन यांच्याकडे गेला आणि १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उपाय ५–४ ने राखला. एका मताचा फरक. यावरून वाद किती खरा होता ते कळतं.

१२. त्यांचे सगळेच निकाल चळवळीच्या बाजूने होते का?

नव्हते. प्रश्न ६ मधली मोर्च्याची तात्पुरती मनाई एक. १९६१ मध्ये फ्रीडम रायडर्सवर (लांब पल्ल्याच्या बसमधला वर्णभेद मोडायला एकत्र प्रवास करणारे काळे-गोरे कार्यकर्ते) माँटगोमेरीच्या बसस्थानकात हल्ला झाला तेव्हा त्यांनी क्लॅनला मनाई केली, हल्ला होऊ देणाऱ्या शहर पोलिसांनाही केली, आणि सोबत काही दिवसांसाठी फ्रीडम राइड्सचं आयोजन करणाऱ्या संघटनांनाही थांबवलं. त्या वेळी यावर खूप टीका झाली.

सर्वांत मोठी चूक टस्कीगीची. १९५७ मध्ये राज्याने त्या शहराची चौकोनी हद्द बदलून २८ बाजूंची विचित्र आकृती केली. जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय मतदार शहराबाहेर गेले, गोरा एकही गेला नाही. जॉन्सन यांनी दावा फेटाळला. शहराची हद्द ठरवणं हा राज्याचा अधिकार, न्यायालयाने त्यात पडू नये, असं तेव्हाचे दाखले सांगत होते. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो निकाल फिरवला. खटला परत आल्यावर जॉन्सन यांनीच जुनी हद्द पुन्हा लागू केली. कायद्याला चिकटून राहण्याची त्यांची सवय कुठे कमी पडली, ते इथे दिसतं.

१३. स्त्रियांच्या हक्कांबाबत काही निकाल आहेत का?

दोन. १९६६ मध्ये व्हाइट विरुद्ध क्रूक या खटल्यात ते ज्या खंडपीठात होते त्याने ज्युरीतून स्त्रियांना वगळणारा अलाबामाचा कायदा घटनाबाह्य ठरवला. दुसरा १९७२ चा, माँटगोमेरीच्या मॅक्सवेल हवाई तळावरच्या लेफ्टनंट शॅरन फ्राँटिएरो यांचा. पुरुष अधिकाऱ्याच्या पत्नीला भत्ते आपोआप मिळायचे; स्त्री अधिकाऱ्याला मात्र नवरा आपल्यावर अवलंबून आहे हे सिद्ध करावं लागायचं. खंडपीठाने २–१ ने हे वैध ठरवलं. विरोधी मत जॉन्सन यांचं. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ८–१ ने फ्राँटिएरो यांच्या बाजूने निकाल दिला.

१४. कलम ३७७ च्या चर्चेत त्यांचं नाव का येतं?

थेट नव्हे, एका साखळीतून. १९८५ मध्ये अपील न्यायाधीश म्हणून जॉन्सन यांनी हार्डविक खटल्यात लिहिलं की प्रौढांच्या खासगी, संमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा जॉर्जियाचा कायदा मूलभूत हक्काला धक्का लावतो. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५–४ ने तो निकाल उलटवला. २००३ मध्ये लॉरेन्स विरुद्ध टेक्सास खटल्यात त्याच न्यायालयाने आपला १९८६ चा निकाल चूक होता असं सांगून रद्द केला. जॉन्सन तेव्हा हयात नव्हते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ च्या नवतेज जोहर निकालात लॉरेन्सचा आधार घेतला आहे.

१५. या सगळ्याची घरच्यांना काय किंमत मोजावी लागली?

बस निकालानंतर त्यांच्या अंगणात क्रॉस जाळला, ही क्लॅनची धमकी द्यायची पद्धत. धमक्या तर रोजच्याच, आणि अनेक वर्षं घरावर फेडरल मार्शलचा पहारा. ओळखीच्या गोऱ्या कुटुंबांनी बोलणं टाकलं. आपल्या भाषेत वाळीतच टाकलं म्हणा. मार्च १९६७ मध्ये राज्यातल्या ९९ शाळा मंडळांना एकत्र वर्णभेद संपवायचा हुकूम निघाला आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब पडला. दूरध्वनी पुस्तिकेत ते घर त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे फ्रँक जॉन्सन याच नावाने होतं. हल्ला मुलासाठी होता. आई घरात होती आणि वाचली.

१६. सर्वोच्च न्यायालयात का गेले नाहीत? एफबीआयचं काय झालं?

निक्सन यांच्या काळात त्यांचं नाव चर्चेत आलं होतं, पण अलाबामातल्या रिपब्लिकन नेत्यांनीच विरोध केला. १९७७ मध्ये कार्टर यांनी त्यांना एफबीआयच्या संचालकपदासाठी निवडलं. तपासणीत धमनीविकार निघाला, शस्त्रक्रिया झाली आणि वर्षअखेर त्यांनी नाव मागे घेतलं. १९७९ मध्ये कार्टर यांनीच त्यांना अपील न्यायालयात नेमलं. १९९५ मध्ये क्लिंटन यांनी ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ दिलं.

१७. या इतिहासाचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

ओढूनताणून जोडू नये, पण एक खरा धागा आहे. प्रश्न ४ मधला बस लढा जिंकल्यावर मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये भारतात आले तेव्हा मुंबईत गांधीजींच्या मणिभवनात राहिले होते. माँटगोमेरीत आपण ज्या पद्धतीने लढलो ती जिथली, ती जागा त्यांना पाहायची होती.

१८. माँटगोमेरीला गेलो तर काय पाहावं?

चर्च स्ट्रीटवरची फेडरल इमारत पाहा. १९९२ पासून तिला जॉन्सन यांचं नाव आहे. तिला लागूनच जुनं ग्रेहाउंड बसस्थानक आहे. २० मे १९६१ ला फ्रीडम रायडर्सना जिथे मारहाण झाली तेच, आता संग्रहालय केलेलं. केंद्राच्या न्याय खात्याचे वकील जॉन डोर त्या दिवशी शेजारच्या या इमारतीच्या खिडकीतून जे दिसत होतं ते फोनवर वॉशिंग्टनला सांगत होते. त्याच दिवशी जॉन्सन यांनी क्लॅनविरुद्धच्या मनाई हुकुमावर सही केली. स्थानकाच्या फलाटावर उभं राहून मान वर केली की त्या खिडक्या अजून दिसतात.